गिदोनाची मेंढरं

हटकरवाडीच्या माणिकप्पाला मी पहिल्यांदा पाहिलं ते बहात्तरच्या दुष्काळात, विहिरीच्या खड्ड्यात. सरकारी काम निघालं होतं. उदगीर तालुका आणि मुखेड तालुका जिथे एकमेकांना भिडतात तिथे ओढ्याच्या काठाला एक मोठी विहीर खणायची, म्हणजे दोन्हीकडच्या लोकांच्या हाताला काम मिळेल, असा कोणा साहेबाचा विचार. विचार चांगला होता. मुखेडकडून आमच्या थोरल्या सांगवीचे लोक आणि उदगीरकडून हटकरवाडीतल्या पंधरा घरांतले सगळे, असे मिळून खणत. माझी आई पाट्या टाकायला जायची. मी नुकताच शाळेवर लागलो होतो, सुट्टीच्या दिवशी तिची भाकरी पोचवायचो. तळाशी पहार घेऊन एक लांब मानेचा, उन्हानं करपलेला गडी असायचा. दुपारी सुकडी वाटली की तो आपला वाटा धोतराच्या सोग्यात बांधून वर यायचा आणि कोकरांना चारायचा. मुकादम त्याला बोलायचा, की सुकडी सरकार माणसांसाठी देतं. तो म्हणायचा, "त्यांनी खाल्लं का माझं प्वाट भरतंय, सायेब."

पाऊस आला आणि काम बंद पडलं. पाणी लागलं होतं, पण बांधकाम अर्धवट राहिलं. कठडा तीन बाजूंनी उठला, वाडीकडची चौथी बाजू उघडीच राहिली. पुढे कोणीतरी बांधील म्हणून सगळे घरी गेले. हा कोणीतरी मला माझ्या अख्ख्या नोकरीत भेटला नाही.

माणिकप्पा हटकर धनगर. चाळीसेक मेंढरं, बायको नागुबाई, पाठचा भाऊ मलप्पा, आणि भिंतीला टांगलेलं एक शिंग, एवढा त्याचा संसार. या शिंगाची वाडीत एक रीत होती. उन्हाळ्यात सांजेला विहिरीचं पाणी शेंदून दगडी डोणी भरली, की माणिकप्पा कठड्यावर उभा राहून शिंग फुंकायचा. मग आजूबाजूच्या माळांवरची मेंढरं कोणी न हाकलता डोणीकडे धावत यायची. बाकीचे धनगर नुसते काठ्या खांद्यावर टाकून मागून चालत येत. शिंग एडक्याचंच लागे, आणि तेही खंडोबाच्या नावानं सोडलेल्या एडक्याचं. तो म्हातारा होऊन मेला की त्याचं शिंग काढायचं, लेंड्यांच्या निखाऱ्यात शेकायचं, टोक कापून भोक पाडायचं. हे काम त्यांच्या घरात आजोबापासून होतं, आणि आजोबाच्या, बापाच्या हातची दोन जुनी शिंगंही घरात पडून होती. आवाज काही गोड नव्हता. पण संध्याकाळी वर्गातल्या वह्या तपासताना वाऱ्यावर तो आमच्या सांगवीपर्यंत यायचा आणि बायका म्हणायच्या, वाडीची मेंढरं पाण्यावर आली, चुली पेटवा.

मग ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. वाडी जागची न हलता उस्मानाबादेतून लातुरात गेली. आमची सांगवी नांदेडात होती ती नांदेडातच राहिली. दोहोंमधली रेघ जुनीच होती, पण तिची आठवण कोणाला होत नसे. नवा जिल्हा झाल्यावर एक माणूस रंगाचा डबा घेऊन आला आणि विहिरीच्या कठड्यावर पांढऱ्या अक्षरांत 'जि. लातूर' असं लिहून खाली एक आकडा टाकून गेला. दहा वर्षं तिला सगळे दुष्काळातली विहीर म्हणत. त्या दिवसापासून ती लातूरची विहीर झाली. गंमत म्हणून आम्ही वाडीवाल्यांना लातूरकर म्हणू लागलो आणि तेही हसायचे.

पुढे पावसानं लागोपाठ दोन वर्षं पाठ फिरवली आणि हसणं बंद झालं. सांगवीचे आड आटले. नांदेडहून टँकर यायचा, म्हणजे येणार असं सांगितलं जायचं. वाडीला तर टँकरच नव्हता, कारण तुम्हाला विहीर आहे असं लातूरच्या कचेरीनं त्यांना कळवलं होतं. विहीर होती हे खरं. झऱ्यांवर तळाशी जेमतेम गुडघाभर पाणी टिकून असायचं, त्यातलं मोजून पंधरा घरांत वाटून घ्यायचे. डोणी भरण्याइतकं पाणी होळीपासून कोणी पाहिलं नव्हतं. मेंढरांना वाघरात, म्हणजे जाळी लावून केलेल्या कोंडवाड्यात, घमेल्यानं मोजकं पाणी पाजायचे. शिंग खुंटीलाच होतं. आणि विहिरीची जी चौथी बाजू उघडी होती तिथे वाडीनं बाभळीच्या काट्यांचं कुंपण रचलं होतं, आमच्या बैलगाड्या लागू नयेत म्हणून.

उदगीरचे खाटीक जीप घेऊन वाडीत यायला लागले. एकेकानं आपली मेंढरं विकली. माणिकप्पानं विकली नाहीत. नागुबाई त्याच्या मागे लागली होती की निम्मी तरी काढा, निम्मी जगतील. तो म्हणायचा, मिरगापर्यंत विहीर पुरते, मिरगापर्यंत सगळी जगवतो. मृग दीड महिन्यावर होता. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. फक्त त्या हिशेबात सांगवी धरलेली नव्हती.

याच दिवसांत वाडीत तारामतीबाई यायच्या. मिशनच्या दवाखान्यातल्या नर्स. पोरांना लस टोचून झाली की निंबाच्या झाडाला एक चित्रांचं कापड टांगायच्या आणि बायबलातली एक गोष्ट सांगायच्या. त्या गोष्टींनी वाडीतलं कोणी ख्रिस्ती झालं नाही, पण बसायचे सगळे. माणिकप्पा सहसा नसायचा. त्या दिवशी तो मेंढरांना घमेलं घेऊन चालला होता आणि त्याच्या कानावर 'एडक्याचं शिंग' हे शब्द पडले. घमेलं ठेवून तो खाली बसला. हे मला नागुबाईनं नंतर सांगितलं.

गोष्ट गिदोनाची होती. गिदोन हा साधा शेतकरी. मिद्यानी लोक दरसाल उंटांवरून यायचे आणि त्याच्या लोकांचं धान्य, मेंढरं, सगळं ओरबाडून न्यायचे. देवानं गिदोनाला सांगितलं, तू त्यांच्याशी लढ. त्याचा विश्वास बसेना. म्हणून त्यानं खळ्यात मेंढराची लोकर टाकून ठेवली आणि म्हणाला, सकाळी भुई कोरडी राहून नुसती लोकर दवानं भिजली तर खरं मानीन. तसंच झालं. लोकर पिळली तर वाटीभर पाणी निघालं. इथे वाडीतल्या बायका म्हणे एकमेकींकडे पाहायला लागल्या. मग गिदोनानं हजारोंतून फक्त तीनशे माणसं ठेवली, तीही ओढ्यावर पाणी कशी पितात ते बघून. प्रत्येकाच्या एका हातात शिंग, दुसऱ्या हातात रिकामं मडकं आणि मडक्यात पेटती मशाल. तीन बाजूंनी शत्रूच्या तळाला वेढा घातला, एकदम मडकी फोडली आणि एकदम शिंगं फुंकली. शत्रूची अशी गाळण उडाली की ते आपसातच कापाकापी करून पळत सुटले.

माणिकप्पानं विचारलं, "येडक्याचंच शिंग व्हतं का, बाई?"

"एडक्याचंच. त्या लोकांत लढाईला तेच वाजवायचे."

"मंग नुस्त्या आवाजाला कसं काय भ्याले?"

बाईंनी समजावून सांगितलं, की एरवी शेकडो शिपायांच्या तुकडीत शिंग फुंकणारा एकच असतो. एक शिंग ऐकू आलं की त्याच्यामागे शेकडो माणसं आहेत असं समजायचं. इथे तर तीनशे शिंगं वाजली. अंधारात माणसं मोजता येत नाहीत, शिंगं मोजता येतात.

माणिकप्पानं घमेलं पुन्हा उचललं. मग म्हणाला, "म्हंजी शिंग हेच हत्यार."

इकडे सांगवीत बैठक बसली होती. भुजंगराव हे आमच्या गावचे सरपंच, तापट पण सरळ माणूस. ते म्हणाले, बहात्तरला ती विहीर आपल्या आयाबहिणींनी खणली, रंगानं चार अक्षरं लिहिली म्हणून ती लातूरची होत नाही. मला हे पटलं. माझ्या आईच्या तळहाताचे फोड मी पाहिले होते. वाडीचंही खोटं नव्हतं हे मला कळत होतं, पण बैठकीत कळलेलं सगळं बोलायचं नसतं. ठरलं असं की उद्या सांजेला आठ-दहा गाड्यांवर बॅरल बांधून जायचं आणि विहिरीत सापडेल तेवढं पाणी भरून आणायचं. भुजंगरावांनी चोरीचा आळ नको म्हणून वाडीला आधी निरोपही धाडला, की आम्ही येतोय, काट्या काढून ठेवा.

निरोप ऐकून वाडीचं तोंडचं पाणी पळालं. आठ-दहा गाड्या भरल्या की विहिरीचा तळ उघडा पडणार आणि झरे दोन-तीन दिवस तरी उठणार नाहीत. माणसं तग धरतील, पण मेंढरांना तेवढा दम नव्हता. माणिकप्पा सकाळी माझ्या शाळेत आला. दारातच उभा राहिला.

"गुर्जी, तुमचं ऐकत्यात. चार दिस थांबा म्हना. मी पाया पडतो."

"माझं कोण ऐकतं, माणिकप्पा," मी म्हणालो. ते खरंच होतं. तरीही मी भुजंगरावांकडे गेलो. ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या घरी प्यायला पाणी हाय का?" नव्हतं. मी परत आलो. माणिकप्पा निघून गेला होता.

सांजेला आमच्या गाड्या निघाल्या. मीही होतो. भांडण झालं तर मध्ये पडायला म्हणून, निदान घरी तरी तसं सांगून. विहिरीपाशी चिटपाखरू नव्हतं. काट्या तशाच होत्या. गाड्या लावायला तीच एक मोकळी बाजू, म्हणून आमच्या पोरांनी काट्या ओढून बाजूला फेकल्या. दोघे बादल्या सोडायला लागले. दिवस नुकताच बुडाला होता. भुजंगराव म्हणाले, "वाडीवाले शहाणे निघाले की."

तेवढ्यात ओढ्याच्या बाजूनं शिंग वाजलं. लगेच माळाकडून दुसरं. आणि आमच्या पाठीमागे, अगदी जवळून, तिसरं. मडकी फुटल्याचे आवाज झाले, रिकामी मडकी त्या साली हवी तेवढी होती, आणि तिन्ही बाजूंना टेंभे दिसले. "येळकोट येळकोट जय मल्हार" असा ओरडा उठला. पंधरा घरांतले लोक ते, बायका धरून पन्नास भरतील. शपथेवर सांगतो, मला पाचशे वाटले. बैल उधळले. एका गाडीचं चाक दुसरीत अडकलं, बॅरल गडगडत माणसांच्या पायांत आलं. आमच्यातल्या श्रीमंत नावाच्या पोरानं आपल्याच चुलतभावाच्या पाठीत काठी घातली, वाडीचा समजून. मी एका गाडीखाली शिरलो. तिथून सगळं दिसत होतं. आमची माणसं पळायला लागली होती. तारामतीबाईंच्या गोष्टीतलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं.

आणि मग वाडीच्या बाजूनं जमिनीवरून काहीतरी भराभर येतंय असं कानाला जाणवलं. मला वाटलं आणखी माणसं आली. ती मेंढरं होती.

होळीपासून त्यांनी शिंग ऐकलं नव्हतं. शिंग म्हणजे भरलेली डोणी, एवढंच त्यांना जन्मापासून माहीत. आणि आता एक नाही, तीन शिंगं बोलावत होती. वाघराची जाळी तोडून माणिकप्पाची चाळीस मेंढरं पाण्यावर आली होती. आधी डोणीपाशी थडकली. डोणी कोरडी. पण काट्या काढलेल्या होत्या, आणि खालून पाण्याचा वास येत होता. पुढचं मेंढरू विहिरीत गेलं. त्याच्यामागे दुसरं गेलं. मग काही मोजण्यासारखं राहिलं नाही.

पहिली ओरडली ती नागुबाई. "शिंग बंद करा, मेंढरं आली, शिंग बंद करा." पण गाड्या शिवेपार होईपर्यंत फुंकत राहायचं असं ठरलेलं. माणिकप्पानं हातातलं शिंग टाकलं आणि विहिरीच्या उघड्या बाजूला हात पसरून उभा राहिला. मेंढरं त्याच्या दोन्ही बाजूंनी जात राहिली. ओढ्याकडे मलप्पा होता. त्याला तिथून काही दिसत नव्हतं. नेमून दिलेलं काम तो जीव ओतून करत होता. कोणीतरी धावत जाऊन त्याच्या हाताला धरेपर्यंत त्याचं शिंग वाजत राहिलं.

आम्ही पळत होतो ते थांबलो. भुजंगराव सगळ्यांत आधी मागे फिरले. त्यांनी गाडीचा नाडा कमरेला बांधला, दुसरं टोक श्रीमंतच्या हातात दिलं आणि खाली उतरले. मग दोन्हीकडची माणसं उतरली. वाडीवाल्यांनी टेंभे वर धरले. एकेक मेंढरू दोरानं वर येत होतं आणि माणिकप्पा ते उघड्या बाजूला घेऊन ठेवत होता, कानाशी हात लावून बघत होता, मग पुढच्याकडे वळत होता. सात-आठ जिवंत निघाली. बाकीची वरून पडलेल्यांच्या ओझ्यानंच मेली होती. खाली पाणी गुडघाभरच होतं. त्यात बुडण्याइतकंसुद्धा नव्हतं.

सकाळी विहिरीतलं पाणी पाहिलं. लाल, वर लोकर तरंगलेली. ते उपसून टाकण्यावाचून इलाज नव्हता. बहात्तरला जशी माणसं उभी होती तशीच रांग लागली, अर्धी सांगवीची, अर्धी वाडीची, आणि बादल्या हातोहात वर येऊन कोरड्या ओढ्यात ओतल्या गेल्या. ज्यासाठी हे सगळं झालं ते पाणी रेतीत जिरताना आम्ही बघत होतो. मला रडू आलं आणि तितकाच रागही आला, आणि तो नेमका कोणाचा यावा हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. काट्या आम्ही काढल्या होत्या. शिंग त्यांनी फुंकलं होतं. कठडा कोणीच बांधला नव्हता.

खाटीक जीप घेऊन आला होता. ताजा माल आहे म्हणाला. माणिकप्पा त्याच्याकडे न बघता पहार घेऊन माळावर गेला आणि खड्डा खणायला लागला. थोड्या वेळानं भुजंगराव दुसरी पहार घेऊन त्याच्याशेजारी उभे राहिले. दोघे दिवसभर खणत होते.

दुसऱ्या आठवड्यात दोन्ही जिल्ह्यांचे टँकर आले, लातूरचा वाडीला आणि नांदेडचा सांगवीला. विहीर बाद झाल्याचं आता कागदावर आलं होतं. मृग त्या वर्षी वेळेवर लागला. माणिकप्पाच्या हिशेबाप्रमाणे.

पावसाळ्यानंतर भुजंगरावांनी स्वतःच्या शेतातला दगड काढून विहिरीची चौथी बाजू बांधून घेतली. कोणत्याही कचेरीला विचारलं नाही. मी अधूनमधून बघायला जायचो. माणिकप्पाची सात-आठांची आता दहा-बारा झाली होती, पुढेही ती कधी विसाच्या वर गेली नाहीत. डोणी भरलेली असायची. वाडीतल्या लोकांनीही पुन्हा थोडी मेंढरं घेतली होती; त्यांना वाटे त्यानं पुन्हा शिंग फुंकावं, कारण हाकलून आणलेली मेंढरं वेळ लावतात. तो नाही म्हणायचा नाही. फक्त फुंकायचा नाही. सांजेला माळावर जायचा, मेंढरांच्या पुढे चालायचा आणि मागे वळून वळून बघत त्यांना पाण्यावर आणायचा. विहिरीच्या बाजूनं स्वतः चालायचा, कठडा झाला होता तरी.

दिवाळी झाल्यावर तारामतीबाई आल्या. मी त्या दिवशी वाडीत होतो. त्यांना सगळं कळलेलं होतं. लस टोचून झाली, पण त्यांनी कापड टांगलं नाही. पिशवी आवरत होत्या. माणिकप्पा येऊन निंबाखाली बसला. बायका बाजूला सरकल्या.

"बाई, एक इच्यारू का?"

"विचारा ना, दादा."

"त्या गिदोनाकडं मेंढरं व्हती न्हवं? तुमीच सांगितलं, खळ्यात लोकर टाकली म्हनून."

"होती. मेंढरं असल्याशिवाय लोकर कुठून येणार."

"मंग ती तीनशे शिंगं वाजली, तवा त्याची मेंढरं कुठं व्हती?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, गिदोनानं त्यांना कुठे ठेवलं होतं ते. बाईंनी पिशवीतून पुस्तक काढलं. ते पान शोधलं. ओळीवर बोट ठेवून वाचत गेल्या, पान उलटलं, पुढचंही वाचलं, मग मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आम्ही सगळे थांबलो होतो.

"इथं लिहिलेलं नाही, दादा," त्या म्हणाल्या.

माणिकप्पानं मान हलवली. दिवस कलला होता. तो उठला, धोतराला लागलेली माती झटकली, झाडाला टेकवलेली काठी घेतली.

"लिव्हाया पायजे व्हतं," तो म्हणाला, आणि मेंढरं आणायला माळाकडे गेला.